तीस ग्रॅमचा जोर आणि नगरचा कारखानदार



कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लुना नगरच्या कारखान्यातून गावोगावी गेली. तिचे इंजिन लहान, वेग बेताचा. पण थोड्या पेट्रोलवर ती दूरचा पल्ला गाठी. उपग्रहाच्या विद्युत प्रणोदनाचे मर्म हेच आहे.

रासायनिक इंजिन उपग्रहाला काही दिवसांत नियत कक्षेत नेते. विद्युत प्रणोदक सूर्यप्रकाशापासून मिळालेल्या विजेने झेनॉन वायूचे आयन करून ते प्रचंड वेगाने बाहेर फेकतो. इस्रोच्या नव्या प्रणोदकाचा जोर ३०० मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावरील सुमारे ३० ग्रॅम वजनाइतका. कक्षा गाठण्यास महिने लागतात. परंतु इंधन कित्येक पटींनी कमी लागते. मोठ्या दळणवळण उपग्रहाचे जवळजवळ निम्मे वजन इंधनाचेच असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते.

मग या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या उद्योजकाने काय तपासावे? पहिली गोष्ट, वापर आणि बाजार एक नव्हेत. स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांवर असे प्रणोदक आहेत; महागड्या झेनॉनऐवजी तेथे आधी क्रिप्टॉन, पुढे २०२३ पासून अरगॉन आला. पण ती कंपनी आपले प्रणोदक स्वतःच बनवते. सर्वांत मोठा वापरकर्ता ग्राहकच नाही! उपग्रह मोजून मागणीचा अंदाज बांधणारा येथेच फसतो.

दुसरी गोष्ट, ग्राहक यंत्राआधी विश्वास विकत घेतो, आणि तो वर्षांनी मिळतो. २०१० मध्ये प्रक्षेपण फसले आणि जीसॅट-४ बरोबर त्यावरील विद्युत प्रणोदकही गेले. ५ मे २०१७ रोजी जीसॅट-९ ही प्रणाली घेऊन यशस्वीपणे झेपावला. मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या प्रणोदकाची १,००० तासांची चाचणी पूर्ण केली. बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने २०२४ मध्ये आपल्या प्रणोदकाचा कॅथोड प्रत्यक्ष अवकाशात तपासला.

नगरने एकदम संपूर्ण प्रणोदक बनवण्याचा हट्ट धरू नये. त्यात चुंबकीय कॉइल, सिरॅमिकची नळी, वायूचे सूक्ष्म व्हॉल्व्ह आणि उच्च दाबाचा वीजपुरवठा असे भाग असतात. विजेच्या मोटारी बनवणाऱ्या या औद्योगिक वसाहतीला कॉइल गुंडाळण्याची विद्या परकी नाही. कोणता भाग कोण विकत घेतो, वर्षाकाठी किती नग घेतो आणि कोणत्या चाचण्या मागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरल्यावरच यंत्रासाठी कर्ज काढावे.

स्वावलंबनाची इच्छा पुष्कळांना असते. तिला हिशेबाची जोड मिळाली, तरच ती कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचते.