पदक नसलेली टीम: मेलबर्न १९५६

हेडफोन लावलेत ना? आज गोष्ट अशा एका टीमची, जिला पदक मिळालं नाही.

कॉलेजात असताना आमची फुटबॉल टीम एका स्पर्धेत चौथी आली. घरात पाऊल टाकलं तर पहिला प्रश्न, "कप कुठाय?" चौथ्या नंबरापर्यंत पोचलात कसे, हे कुणी विचारलंच नाही. त्याच सुमारास मी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकबद्दल पहिल्यांदा वाचलं. तिथे भारत चौथा आला होता. हॉकीत नाही हं, फुटबॉलमध्ये!

आधी चार वर्षं मागे जाऊ. १९५२, हेलसिंकी. युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. 'मैदान' सिनेमात अजय देवगणने ज्यांची भूमिका केली, तेच.

मेलबर्नला पहिली गाठ हंगेरीशी होती. पण त्यांची टीम आलीच नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. तुम्ही म्हणाल, नशीब! थांबा जरा.

१ डिसेंबर. क्वार्टर फायनल. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे नेव्हिल डिसोझा, जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळायचा मुंबईत टाटांकडून. ९व्या मिनिटाला त्याने गोल केला. ऑस्ट्रेलियाने फेडला. ३३व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. तोही त्यांनी फेडला. ५०व्या मिनिटाला परत नेव्हिलच! ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. शेवटी किट्टूने चौथा गोल मारला आणि मॅच ४-२ ने आपली. आशियातली कुठलीच टीम याआधी ऑलिम्पिकच्या सेमी फायनलला पोचली नव्हती.

आणि सेमीला समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया. हाफ टाइमला स्कोअर ०-०. ५२व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल घातले, त्यांच्यावर आपण चक्क आघाडी घेतली होती! ती टिकली दोनच मिनिटं. पुढे एक गोल तर आपल्याच खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात गेला. ४-१. मग कांस्यपदकाच्या मॅचमध्ये बल्गेरियाने ३-० ने हरवलं. संपलं.

आता खरं बोलू. मैदानावर आपण जिंकलो ती एकच मॅच. नुसता चौथा नंबर धरून मिरवण्यात अर्थ नाही. मला भावतो तो १०-१ पासून त्या ५२व्या मिनिटापर्यंतचा प्रवास. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. रहीमसाहेबांनी १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकून दिलं आणि पुढच्याच वर्षी कॅन्सरने ते गेले. १९६० च्या रोमनंतर भारत ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये परत दिसलाच नाही.

पदक नाही म्हणून आपण ही माणसं विसरलो, आणि त्यांच्याबरोबर ती कशी तयार झाली तेही विसरलो. नुकसान त्यात जास्त आहे, असं मला वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कुणी हरून आलं ना, तर कप कुठाय विचारू नका. विचारा, "मागच्या वेळेपेक्षा किती पुढे गेलास?" चला, भेटू पुढच्या भागात!