कुऱ्हाड कुठून आली?

वर्ध्याच्या कोर्टात वकिली सुरू केली त्या दिवसांत इंग्रजी कायद्याच्या एका जुन्या पुस्तकात मला 'मॅलिस प्रिपेन्स' हे शब्द भेटले. अर्थ असा, की आधीपासून मनात बाळगलेला दुष्ट हेतू. 'प्रिपेन्स' मूळचा जुन्या फ्रेंचमधला; आधी विचार करून ठेवलेलं, असा त्याचा अर्थ. इंग्लंडच्या 1390 च्या कायद्याने अशा खुनाला राजाची माफी सहजासहजी मिळू नये, अशी तजवीज केली.

हा विचार आपल्याला परका नाही. मनुस्मृतीतही जाणून केलेला वध आणि नकळत घडलेला वध वेगळे मानले आहेत. कोर्टातला 'इरादा' अरबी-फारसीतून आला. खेड्यातला साक्षीदार मात्र एवढंच सांगतो, "त्यानं डूख धरला होता, साहेब."

1860 च्या भारतीय दंड संहितेने तो इंग्रजी शब्दप्रयोग घेतला नाही. पण एक अपवाद ठेवला. अचानक उद्भवलेल्या मारामारीत, रागाच्या भरात, आधी न ठरवता आणि क्रूरपणा न करता कुणाचा जीव गेला, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्येही हा अपवाद कायम आहे. तो लागू झाला, तर फाशी टळते.

समजा, धुऱ्यावरून दोन भाऊ भांडले. एकाच्या हातात बाभूळ तोडायला आणलेली कुऱ्हाड होतीच. किंवा तो घरी गेला आणि कुऱ्हाड घेऊन परत आला. घाव तोच, पण दुसऱ्या वेळी घर ते शेत एवढ्या वाटेत राग निवायला अवधी होता. म्हणून उलटतपासणीत पहिला प्रश्न असतो, कुऱ्हाड कुठून आली?

आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले. गोळीबार झाला, गावकरी पडले. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. देशभरातून मागणी झाली, आणि 1945 मध्ये त्या फाशा टळल्या.

आष्टीला गेलो, की मनात येतं, घरून निघताना त्या माणसांच्या मनात काय होतं, आणि गोळी सुटल्यावर काय झालं? गळ्यात दोर पडण्याआधी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायलाच हव्यात. नंतर पाहून उपयोग नसतो.