उन्हाचे बळी कोणत्या वहीत?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बाजारभावाचे बोलणे आहेच. आज आम्ही आधी उन्हाचे बोलणार आहोत.

वैशाखात कुणी बांधावर कोसळला, की गाव म्हणते, ‘हार्टफेल झाले.’ कागदावरही तेवढेच लागते. ऊन निर्दोष सुटते, काळीज दोषी ठरते.

अंग तापले की ते निववण्यासाठी काळीज जास्त रक्त कातडीकडे लोटते. ठोके वाढतात. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रक्त दाटते. धडधाकट काळीज हे ओझे काही वेळ ओढते. आधीच दुखावलेले काळीज बसते. थंडीत उलटे होते. नसा आवळतात, रक्तदाब चढतो. पौषात रात्रीच्या विजेवर, ओल्या पायांनी गव्हाला पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ येते ती उगीच नाही.

मग दवाखान्याच्या नोंदीत हे दिसत नाही का? थंडीतले पुष्कळ दिसते. उन्हातले मात्र निसटते. लंडन शहराच्या १९९४ ते २००० च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. उन्हाच्या दिवसांत मृत्यू वाढले होते, पण इस्पितळातली तातडीची भरती त्या मानाने वाढली नव्हती. अर्थ सरळ आहे. पुष्कळ माणसे दवाखान्याची पायरी चढण्याआधीच जातात. लंडनात ही गत, तर आपल्या वस्तीवरून तालुक्याचा दवाखाना किती लांब, ते तुम्हीच सांगा.

शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादला, २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ माणसे दगावली. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. म्हणजे १,३४४ माणसे जास्त गेली. हा आकडा सगळ्या मृत्यूंचा हिशेब ताडून पाहिला तेव्हाच हाती आला. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्माघाताविरुद्ध आराखडा केला.

पिकाचा उत्पादन खर्च आपण कागदावर मांडला तेव्हाच तोटा दिसला. माणसाचेही तसेच आहे. जे मोजले जात नाही, त्याची तरतूद होत नाही.

म्हणून आपण एवढे करू. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार अवजार खाली ठेवू. मजुरांनाही ती सुटी, रोज न कापता. रक्तदाबाची किंवा जास्त लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारू. मनाने गोळी बंद करायची नाही. कुणाला भोवळ आली, छातीत कळ आली, किंवा अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसायचे आणि लगेच १०८ ला फोन करायचा.

आणि प्रत्येक गावात एक वही ठेवू. कोण गेले, कोणत्या दिवशी, किती वाजता, उन्हात किती वेळ होते, एवढेच लिहायचे. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही आणा. हिशेब तिथेच मांडू.