मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा
(वसंत व्याख्यानमाला, कोलकाता)



ज्या शहराने १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला, तिथे मराठी माणसाला तासभर बोलू देतात, हे औदार्यच. (हशा)

श्रीरामपूरचे मिशनरी केरी, त्यांचे मदतनीस वैजनाथ पंडित, १८०५चं मराठी व्याकरण, हे सगळं तुम्ही जाणताच. ते सोडतो, थेट बायबलातल्या एका हिशेबावर येतो. यहूदाचा राजा यहोराम ३२व्या वर्षी गादीवर आला आणि ८ वर्षं राज्य करून वारला. म्हणजे चाळिशीत गेला. लगेच त्याचा धाकटा मुलगा अहज्या गादीवर बसला. त्याचं वय? ‘राजे’ हे पुस्तक म्हणतं २२. ‘इतिहास’ हे पुस्तक म्हणतं ४२!

मागून कोणी तरी म्हणालं, “छापखान्याची चूक.” नाही हो, छापखाना निघायच्या कितीतरी शतकं आधीची आहे ती. हिब्रूत अक्षरांनीही आकडे लिहितात. २०चं काफ आणि ४०चं मेम यांत गल्लत झाली असावी, असं काही अभ्यासक मानतात. असेलही. मला नवल वाटतं ते ही चूक टिकली याचं. ग्रीक भाषांतरात २० आहे, सुरियानीत २२. तिथे कोणी तरी सावरून घेतलं असावं. हिब्रू लेखनिकांना काय बेरीज येत नव्हती? तरी त्यांनी पिढ्यानपिढ्या ४२च उतरवलं. माझं जुनं तुणतुणं तुमच्यातल्या काहींनी ऐकलंय: पोथीला मठ्ठ लेखनिकाचं भय नाही, हुशाराचं आहे. मठ्ठाची चूक उघडी पडते. हुशार दुरुस्ती करतो आणि मागमूस ठेवत नाही.

पहिल्या रांगेतले काका मान हलवताहेत. “आपल्या वेदांत असं नाही.” कबूल. घनपाठ्यांनी स्वरही हलू दिला नाही. पण काका, मी लेखणीबद्दल बोलतोय. आपले पोथ्या लिहिणारेसुद्धा शेवटी लिहीत, की जसं दिसलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. लोक याला पळवाट म्हणतात. मला ती शपथ वाटते.

आता कोलकात्याचा धागा, दोनच मिनिटं. (हशा) हसू नका. फोर्ट विल्यम कॉलेजचे उपप्रमुख क्लॉडियस ब्यूकॅनन १८०६मध्ये दक्षिणेच्या प्रवासाला निघाले आणि कोचीनच्या ज्यूंकडून त्यांनी तोराची, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांची, एक जुनी गुंडाळी मिळवली. लाल रंगवलेलं कातडं, ३७ तुकडे एकमेकांना शिवलेले, लांबी सुमारे ४८ फूट. त्यात ‘लेवीय’ हे पुस्तक नाही, ‘अनुवाद’ या पुस्तकाचा बराचसा भाग नाही. कोणी म्हणे ती अरबस्तानातून आली, कोणी म्हणे काश्मिरातून. आज ती केंब्रिजमध्ये आहे. थॉमस येट्स यांनी ती युरोपातल्या छापील प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडली आणि १८१२मध्ये निष्कर्ष छापले. फरक निघाले चाळीसच्या आसपास, आणि अर्थ बदलेल असा एकही नाही! मलबारच्या पावसात, समुद्रापार, सापडलेली नक्कल इतकी शुद्ध!

वकील मंडळी इथे उठतील: मग ४२ कुठून आलं? रास्त प्रश्न. तोरा सभास्थानात वाचतात. एक अक्षर चुकलं तरी गुंडाळी बाजूला ठेवतात. राजे-इतिहासाला तितका पहारा नव्हता, म्हणून आकड्यांचे घोळ बरेचसे तिकडेच. आणि जिथे चूक कळली, तिथेही लेखनिकांनी ओळीला हात न लावता वाचायचा शब्द अनेकदा समासात लिहिला. सुखटणकरांनी पुण्यात महाभारताचे पाठभेद तळटिपांत ठेवले, तीच ही जात. त्यांतल्या बंगाली पोथ्यांचं काम तर इथे बंगालातच, शांतिनिकेतनात झालं. त्यावर एक स्वतंत्र...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, महाभारत राहू द्या. बायबलातली एज्रा आणि नहेम्या ही दोन्ही पुस्तकं बाबिलोनहून परतलेल्यांची एकूण संख्या ४२,३६० देतात. यादी मात्र बेरीज करून पाहा: एकाची २९,८१८, दुसऱ्याची ३१,०८९. खजिनदारांनी चष्मा लावला, म्हणजे मुद्दा पोचला. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. शौलाचं सांगतो आणि बसतो. १ शमुवेल, अध्याय १३, पहिलीच ओळ. हिब्रूत सरळ वाचलं, तर शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता. आकडा गळलाय, हे शाळकरी पोरालाही कळतं. भाषांतरकारांपैकी कोणी तिथे तीस भरलं, कोणी चाळीस. हिब्रू प्रतीत ती जागा अजून तशीच आहे. काका, तुम्ही हात वर केलाय, पण चहा आला म्हणतात.