धातूचे कण आणि तोफेचे बळ



राजस्थानात आमेरच्या डोंगरमाथ्यावर जयगड उभा आहे. या किल्ल्यात तोफा ओतण्याचा कारखाना होता. तोफेची नळी कोरण्याचे बैलांच्या बळावर चालणारे यंत्रही तेथे होते. सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत, 1720 मध्ये, तेथेच ‘जयवाण’ तोफ घडली. तिची नळी सुमारे सहा मीटर लांब असून वजन सुमारे पन्नास टन सांगितले जाते.

ओतीव तोफेत एक धोका दडलेला असे. धातू आतून कमकुवत राहिला, तर नळी फुटून शत्रूऐवजी आपलेच गोलंदाज प्राणास मुकत. हा कमकुवतपणा कोठून येतो?

घन धातू हा असंख्य स्फटिककणांचा समूह असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीवर चकाकणारी नक्षी दिसते. तिचा एकेक तुकडा म्हणजे एकेक कण होय. पाक संथ ठेवला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात, घोटला तर बारीक रवा पडतो. धातूचेही तसेच. जाड ओतकामाच्या अंतर्भागातील रस सावकाश निवतो, स्फटिकांची बीजे थोडी पडतात आणि प्रत्येक कण मोठा होतो. धातू वाकू लागला की अणुरचनेतील दोष सरकू लागतात. दोन कणांमधील सीमा त्यांना अडवते. कण जितके बारीक, तितक्या सीमा अधिक आणि धातू बळकट. हॉल यांनी 1951 मध्ये व पेच यांनी 1953 मध्ये हा संबंध गणिती सूत्रात बसवला.

हाच प्रश्न आज आकाशात उभा आहे. टायटॅनियम व ॲल्युमिनियम यांचा संयुग-मिश्रधातू निकेलच्या मिश्रधातूंच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो आणि उष्णताही सोसतो. म्हणूनच बोइंग 787 साठीच्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांतील पाती त्याची असतात. मात्र सामान्य तापमानाला तो ठिसूळ असतो आणि ओतताना त्यात भरड कण वाढतात. यावर एक उपाय म्हणजे अत्यल्प बोरॉन, शंभर अणूंमागे एखादा किंवा त्याहूनही कमी. त्यापासून बनणारे सूक्ष्म बोराइड कण धातू निवताना बीजांचे काम करतात. एका भरड कणाच्या जागी अनेक बारीक कण जन्मतात.

तरीही बारीक तेवढे उत्तम, असा नियम नाही. तीव्र उष्णतेत दीर्घकाळ ताण सोसताना कणसीमाच सरकू लागतात आणि धातू हळूहळू ताणला जातो. म्हणून पात्याला कोठे, किती काळ आणि किती उष्णतेत काम करावयाचे आहे, हे पाहूनच कणांचा आकार ठरवावा लागतो.

जयगडाच्या ओतारांपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, अनुभव होता. आज दोन्ही आहेत. परंतु ओतीव वस्तूच्या बळाचा मोठा भाग आजही रस निवण्याच्या त्या थोड्या वेळातच ठरतो. पुढे कितीही झिलई दिली, तरी त्या वेळी झालेली हयगय झाकते; भरून निघत नाही.