राजमान्य द्यूत

मायबाप हो, हस्तिनापुरातला जुगार चोरून झाला का? नाही. सभा राजानं बांधवली. निमंत्रण राजाचं, आणि ते घेऊन धाडलं कोणाला? विदुराला, ज्याचा पहिल्यापासून विरोध! भीष्म-द्रोण समोर बसलेले. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळं कायदेशीर. आणि शेवट? भरसभेत घरची लक्ष्मी ओढून आणली. राजमान्य झालं म्हणून अधर्माचा धर्म होत नाही.

आपल्याकडं राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. कसिनोचा कायदा १९७६ ला झाला. तो कधी अमलात आला नाही, २०२३ ला रद्द केला. गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात परवान्यानं कसिनोची जहाजं उभी आहेत. सरकारला कर मिळतो, पोरांना नोकरी मिळते, हे खोटं नाही. पण २०२० साली त्याच सरकारनं गोवेकरांना तिथं खेळायची बंदी केली. पक्वान्न चांगलं असतं, तर आई आपल्याच लेकराच्या ताटातून ते उचलील का?

शेतकरी एक दाणा पेरतो, कणीस उगवतं. जुगारात शंभर जणांनी पेरलं तरी एक दाणा नवा उगवत नाही. शंभरांचं एकाच्या घरी जातं, तेही वाटेत आडत कापून! ज्याचा फड, त्याची आडत कधी बुडत नाही. बुडतो तो खेळणारा. आधी पगार जातो, मग बायकोचे दागिने, मग सावकार दारात. वाण्याची उधारी थकते, पोरांची फी राहते. त्याची नोंद महसुलाच्या वहीत कुठं असते?

द्रौपदीनं सभेला विचारलं, जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला? भीष्मांनाही नीट उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न आज कितीतरी घरांत एक माउली चुलीपुढं बसून विचारते आहे.

तर वारकरी हो, घरी गेल्यावर एवढं करा. पोरगा मोबाइलवर हरला असेल तर चारचौघांत त्याला फाडू नका. लाजेनं तो आणखी लपवील, आणि हरलेलं परत मिळवायला आणखी लावील. जवळ घ्या, कर्ज किती ते विचारा, व्यवहार घरच्या बाईच्या हाती द्या. आणि रोज सांजेला हरिपाठाला शेजारी बसवा. डाव मांडायचाच तर नामाचा मांडा. तिथं हरणारा कोणी नाही.

रामकृष्णहरि!