डॉक्टरांचे हात

घरांत बाळंतपणाचा प्रसंग आला आणि डॉक्टरांना बोलावणें गेलें, म्हणजे पूर्वीच्या शहरी कुटुंबांत एक तयारी आधीं होत असे. ऊन पाण्याचा तांब्या, तस्त, साबणाची वडी आणि धुतलेला पंचा दाराशीं मांडून ठेवला जाई. डॉक्टर आले कीं आधीं हात धूत आणि मग रोग्याकडे वळत. हा रिवाज इतका अंगवळणी पडला होता, कीं तो प्रथम कोणाला सुचला आणि त्यासाठीं कोणाला काय सोसावें लागलें, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येई. आधुनिक वैद्यकाच्या इतिहासांत मात्र या साध्या कृतीमागें एका तरुण डॉक्टराचें विचारमंथन आहे, आणि त्याचा शेवट शोकपूर्ण आहे. ती हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

इग्नाझ सेमेलवाइस हा मूळचा हंगेरीतील बुडा शहरचा. त्याचा जन्म १८१८ सालचा. व्हिएन्ना येथें वैद्यकाची पदवी घेऊन १८४६ सालीं तो तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिगृहांत साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें. हें प्रसूतिगृह त्या काळीं युरोपांत नांवाजलेलें होतें. गोरगरीब स्त्रियांना तेथें विनामूल्य ठेवून घेत, आणि त्या बदल्यांत विद्यार्थ्यांना त्यांची तपासणी करून शिकतां येई. गृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. स्त्रियांना दाखल करून घेण्याची पाळी दोन्ही विभागांत आळीपाळीनें येत असे. म्हणजे कोणती स्त्री कोठें जावयाची, हें बहुतांशीं ती ज्या दिवशीं दाराशीं येई त्या दिवसावर अवलंबून होतें.

या दोन विभागांत एक विलक्षण फरक होता. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता दगावल्या. म्हणजे शेंकडा अकरांहून अधिक. दुसऱ्या विभागांत ३७५४ प्रसूतींमागें १०५ माता दगावल्या; म्हणजे शेंकडा तिहींहून कमी. ज्या रोगानें त्या मुख्यतः मरत तो म्हणजे सूतिकाज्वर; आपल्याकडील जुन्या बायका ज्याला बाळंतरोग म्हणत, तो. इमारत एकच, हवा तीच, अन्न तेंच आणि रोगी त्याच वर्गांतले. असें असतां विद्वान् डॉक्टरांच्या हाताखालीं मृत्यु चौपट, आणि सुइणींच्या हाताखालीं कमी, हें कोडें होतें.

हें कोडें पंडितांना फारसें छळीत नव्हतें. बायकांना मात्र तें पुरतें ठाऊक होतें. पहिल्या विभागाची पाळी आहे असें कळतांच कित्येकजणी गुडघे टेकून व हात जोडून विनवणी करीत, कीं आम्हांला दुसरीकडे पाठवा. कांहीं स्त्रिया रस्त्यांतच प्रसूत होऊन मग येत. आश्चर्य असें, कीं रस्त्यावर, कोणाच्याही मदतीवांचून बाळंत झालेल्या या स्त्रियांना तो ज्वर क्वचितच गांठी. बहुतेक डॉक्टरांनीं या विनवण्या अडाणी बायकांची भीति म्हणून सोडून दिल्या. सेमेलवाइसनें त्या ऐकल्या आणि त्यांचा अर्थ शोधावयास तो निघाला. रोग्याचें बोलणें हाही एक पुरावा असूं शकतो, ही जाणीव त्याच्या ठायीं होती, आणि पुढच्या सर्व गोष्टीचें बीज येथें आहे.

त्यानें एकेक कारण घेऊन तपासलें. हवेंतील दूषित द्रव्यें हें कारण म्हणावें, तर दोन्ही विभागांना हवा एकच. गर्दी म्हणावी, तर बायका जिकडे धांव घेत तो दुसरा विभागच अधिक भरलेला. मरणोन्मुख स्त्रीकडे जातांना धर्मोपदेशक पहिल्या विभागांतून जाई व त्याच्यापुढें घंटा वाजे. तिच्या धास्तीनें ज्वर येत असेल, असेंही कोणी म्हणे. सेमेलवाइसनें त्याला आडवाटेनें व घंटेवांचून जावयास लावलें. उपयोग झाला नाहीं. दुसऱ्या विभागांत स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूति करीत, म्हणून पहिल्यांतही तसें करून पाहिलें. मृत्यूचें प्रमाण हललें नाहीं.

या सर्व काळांत त्याचा स्वतःचा दिनक्रम ठरलेला होता. रोज सकाळीं तो आदल्या दिवशीं मेलेल्या स्त्रियांच्या प्रेतांचें विच्छेदन करी. रोगाचें मूळ कळावें, जिवंत बायका वांचाव्यात, हाच त्यामागचा हेतु. तेथून उठून तो व विद्यार्थी प्रसूतिगृहांत येत आणि स्त्रियांची तपासणी करीत. हात धुतले जात, पण साध्या साबणानें. आणि त्यानंतरही हातांना प्रेताचा वास राही.

मार्च १८४७ मध्यें त्याचा स्नेही कोलेच्का, जो न्यायवैद्यकाचा अध्यापक होता, तो वारला. शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्यांतून विष अंगभर पसरलें. कोलेच्काच्या शवाच्या तपासणीचा वृत्तांत सेमेलवाइसनें वाचला आणि तो थबकला. ज्या खुणा शेंकडों बाळंतिणींच्या शरीरांत त्यानें पाहिल्या होत्या, त्याच येथें होत्या. मग रोगही एकच असला पाहिजे. कोलेच्काच्या अंगांत सुरीच्या टोंकानें प्रेताचे कण शिरले. बाळंतिणींच्या अंगांत ते कोणीं घातले? सुइणी शवविच्छेदन करीत नाहींत. डॉक्टर आणि विद्यार्थी करतात. तेव्हां उत्तर एकच उरलें: डॉक्टरांच्या हातांनीं.

मे १८४७ च्या मध्यास त्यानें नियम घातला, कीं प्रसूतिगृहांत शिरणाऱ्या प्रत्येकानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुवावे. ज्याला लोक ब्लीचिंग पावडर म्हणतात, त्याच जातीचें हें द्रव्य. तें निवडण्याचें कारणही साधेंच होतें: त्यानें प्रेताचा वास जाई. त्या वर्षीच्या एप्रिलमध्यें ३१२ प्रसूतींत ५७ माता मेल्या होत्या. जूनमध्यें २६८ प्रसूतींत सहा मेल्या, आणि जुलैमध्यें २५० प्रसूतींत तीन. १८४८ सालीं दोन्ही विभागांतील प्रमाण जवळजवळ समान, म्हणजे शेंकडा सव्वाच्या आसपास आलें. आणि त्या वर्षीच्या मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागांत एकही माता दगावली नाहीं.

परंतु या यशाच्या मध्यावरच त्याला आपलें मत दुरुस्त करावें लागलें. ऑक्टोबर १८४७ मध्यें गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून, हात केवळ साबणानें धुऊन, डॉक्टर पुढच्या स्त्रियांकडे वळले. त्या वेळीं प्रसूत झालेल्या बारांपैकीं अकरा स्त्रिया मेल्या. येथें प्रेताचा संबंध नव्हता. कुजणारें द्रव्य जिवंत शरीरांतूनही येऊं शकतें, हें त्याच्या ध्यानांत आलें. आणि एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातांना दर वेळीं हात धुतले पाहिजेत, असा नियम त्यानें वाढविला.

आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याचा विचार कांहीं थोडा झालेला नाहीं. पण सोवळ्यांत मनुष्य दुसऱ्याच्या स्पर्शापासून स्वतःला जपतो. सेमेलवाइसच्या नियमांत आपल्या स्पर्शापासून दुसऱ्याला जपावयाचें होतें. हा विचार पचविणें सोपें नव्हतें, आणि सर्वांत आधीं तो त्याला स्वतःलाच पचवावा लागला. इतर प्रसूतितज्ज्ञांपेक्षां त्यानें अधिक प्रेतें चिरलीं होतीं. आपल्या ज्ञानतृष्णेपायीं किती तरुण स्त्रिया अकालीं गेल्या असतील, याची गणती केवळ ईश्वरालाच ठाऊक, अशा अर्थाची कबुली त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत दिली. सत्य दुःखद असलें तरी तें दडवून उपयोग नाहीं, हा त्याचा निश्चय होता.

इतरांनीं मात्र तें तसें स्वीकारलें नाहीं. स्कोडा, रोकिटान्स्की व हेब्रा यांसारखे व्हिएन्नांतील थोर वैद्य त्याच्या बाजूस उभे राहिले; परंतु बहुतेकांना हें मत रुचलें नाहीं. त्याला कारणें होतीं. जंतूंचें शास्त्र अद्याप जन्मलें नव्हतें, म्हणून हातावर न दिसणारें असें काय असतें, हें त्याला सांगतां येत नव्हतें. शिवाय, आपण जिला वांचवावयास गेलों तिला आपणच मारलें, हें कोणत्या डॉक्टरास सहज मान्य होईल? १८४९ सालीं त्याची नेमणूक पुढें चालू ठेवली गेली नाहीं, आणि १८५० सालीं तो पेस्ट शहरीं परतला. तेथील सेंट रोकस रुग्णालयांत १८५१ ते १८५७ या काळांत त्याच्या देखरेखीखालीं ९३३ प्रसूती झाल्या. सूतिकाज्वरानें केवळ आठ माता गेल्या.

दोष केवळ प्रतिपक्षाचाच होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. आपला शोध सेमेलवाइसनें वेळींच लिहून प्रसिद्ध केला नाहीं. त्याचा ग्रंथ बाहेर पडावयास १८६१ साल उजाडलें. नंतर विरोधकांना त्यानें उघड पत्रें लिहिलीं व त्यांना खुनी म्हणून संबोधिलें. रोग्यांविषयीं त्याच्या अंतःकरणांत जी कळकळ होती, तिचेंच समव्यवसायींच्या बाबतींत संतापांत रूपांतर झालें. आणि संतापानें सांगितलेलें सत्य ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जातें, मनापर्यंत पोंचत नाहीं. १८६५ सालीं त्याची बुद्धि ढळली असें ठरवून त्याला व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. तेथें दोन आठवड्यांच्या आंत, १३ ऑगस्ट रोजीं, जखमेचें विष रक्तांत भिनून तो वारला. तेव्हां तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. ज्या प्रकारच्या विषाशीं तो आयुष्यभर झगडला, त्यानेंच त्याला नेलें. दोनच वर्षांनीं, १८६७ सालीं, लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेविषयीं आपले लेख प्रसिद्ध केले. आणि १८७९ सालीं पाश्चरनें सूतिकाज्वराचे सांखळीसारखे जंतु दाखवून दिले.

त्यानंतर वैद्यक फार पुढें गेलें. पोटांतल्या गर्भाचें चित्र पडद्यावर पाहतां येतें, आणि जे ज्वर एके काळीं असाध्य होते ते औषधांनीं बरे होतात. तरीही २००९ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेस दरवर्षीं ५ मे या दिवशीं रुग्णालयांना हात धुण्याचें स्मरण करून द्यावें लागतें. ज्ञान वाढलें म्हणून सावधगिरी आपोआप वाढतेच असें नाहीं, हाच याचा अर्थ. व्हिएन्नाच्या त्या पहिल्या विभागांत ज्ञानाची वाण नव्हती; होती ती, आपलाच हात एकदां संशयानें पाहण्याच्या तयारीची.

श्रोतेहो, घरांतील कोणी रुग्णालयांत पडून असेल, तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला "हात धुतलेत ना?" असें नम्रपणें विचारण्यांत त्यांचा अवमान नाहीं. उशाशीं बसणाऱ्या आप्तांनींही तो प्रश्न आधीं स्वतःला विचारावा. आणि ज्या तरुण डॉक्टराला हा प्रश्न कोणी विचारील, त्यानें रागावण्यापूर्वीं क्षणभर त्या स्त्रियांची आठवण करावी, ज्या प्रसूतिगृहाच्या दाराशीं गुडघे टेकून विनवीत होत्या. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतें; पण त्या म्हणत होत्या तें खरें होतें, आणि तें ऐकून घेणारा एकजण भेटला, म्हणूनच पुढें असंख्य मातांचे प्राण वांचले.